दाताला खोडवा नाही : विडी, मिश्री आणि घरातल्या हिरड्या



गळीत हंगामात काट्यासमोर वाहनांची रांग लागली की दोन गोष्टी हमखास दिसतात. एक ऊस आणि दुसरी विडी. नंबर यायला वेळ असतो, रात्र असते, थंडी असते. कोणी चंची सोडतो, कोणी तळहातावर तंबाखू मळतो, कोणी काडी ओढून चार जणांच्या विड्या पेटवून देतो. यात पक्ष, गट, गाव काही आडवे येत नाही. उलट पुढे केलेली चिमूट कोणी घेतली नाही तर तोच माणूस फुगीर ठरतो. तिकडे घरी त्याच वेळी माउली उठलेली असते. चूल पेटवण्याआधी ती डबीतली मिश्री बोटावर घेते आणि हिरड्यांना लावत उंबऱ्यावर बसते.

या पत्रिकेतून आम्ही एरवी लागण, बेणे, खत, पाणी आणि हुमणी यांवर लिहितो. या खेपेस तोंडातल्या जमिनीबद्दल लिहीत आहोत. कारण सरळ आहे. वार्षिक सभेच्या जेवणाच्या पंगतीत पाहिले तर पन्नाशीतलीच कितीतरी माणसे भाकरी आमटीत कुस्करून खाताना दिसतात. ऊस पिकवणाऱ्याला स्वतःच्या फडातली कांडी दाताने सोलता येत नाही, ही काही वयाची गोष्ट नव्हे. साठ-सत्तरीतही दात शाबूत असलेली माणसे आपल्याच गावात आहेत. मग फरक कुठे पडतो? तो दातात कमी आणि हिरडीत जास्त पडतो.

हिरडी म्हणजे दाताची जमीन

दात हा जबड्याच्या हाडात रोवलेला असतो. हाड आणि दाताचे मूळ यांच्यामध्ये बारीक तंतूंची वीण असते आणि वरून हिरडीची पट्टी घट्ट बसलेली असते. दात घासला नाही तर त्याच्या बुडाशी जंतूंचा चिकट थर जमतो. हा थर काही दिवस तसाच राहिला की लाळेतले क्षार त्यात बसून तो दगडासारखा घट्ट होतो. त्यालाच आपण किटण म्हणतो. किटणाच्या खरबरीत अंगावर पुन्हा नवे जंतू बसतात.

पहिल्या पायरीला हिरडी लाल होते, फुगते आणि घासताना रक्त येते. या पायरीला दुखणे पूर्ण बरे होते. थर आणि किटण निघाले की हिरडी पुन्हा घट्ट बसते. दुर्लक्ष झाले तर जंतू हिरडीच्या आत उतरतात, दात आणि हिरडी यांच्यात कप्पा तयार होतो आणि दात धरून ठेवणारे हाड झिजू लागते. लोक याला पायरिया म्हणतात. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही.

हुमणीचे उदाहरण आपणा सर्वांना ठाऊक आहे. हुमणी जमिनीखाली मुळ्या खात असते आणि वर ऊस हिरवागार दिसत असतो. पाने पिवळी पडतात तोवर निम्मे काम झालेले असते, आणि मग ऊस हाताने उपटून येतो. पायरियाही तसाच आहे. तो फारसा ठणकत नाही. दात हलायला लागला की माणूस डॉक्टरकडे जातो, आणि तेव्हा हाताशी फार काही उरलेले नसते.

उसात एक सोय आहे. लागणीचा ऊस गेला तरी खोडवा येतो, निडवाही घेता येतो. दाताचे तसे नाही. दुधाचे दात ही लागण धरली तर पक्के दात हा एकच खोडवा. त्याच्यापुढे पीक नाही.

विडी काय करते

आता धुराकडे येऊ. ‘विडीने दात काळे पडतात’ एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. काळे डाग हा सगळ्यात किरकोळ भाग आहे. खरे नुकसान तीन वाटांनी होते.

पहिली वाट रक्ताची. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात. पाटाचे पाणी वरच कोणी दाबून धरले तर शेवटचा वाफा कोरडा राहतो, तसा हिरडीचा पुरवठा मंदावतो. दुसरी वाट राखणीची. जंतूंशी झुंजणाऱ्या रक्तातल्या पेशी धुरामुळे मंद पडतात आणि जंतूंना मोकळे रान मिळते. तिसरी वाट डागडुजीची. हिरडी आणि हाड यांची रोजची झीज भरून काढण्याचे काम ढिले पडते. म्हणूनच विडी-सिगरेट ओढणाऱ्याची जखम उशिरा भरते आणि दात काढल्यावर खड्डा लवकर बुजत नाही.

यात सर्वांत फसवी गोष्ट पहिल्या वाटेची आहे, ती नीट ध्यानी घ्यावी. सभासद मंडळी सांगतात, “आमच्या हिरड्यातून कधी रगत येत नाही, आमचे दात पक्के आहेत.” विडी न ओढणाऱ्याने असे म्हटले तर ठीक. विडी ओढणाऱ्याने म्हटले तर त्यावर विश्वास ठेवू नये. रक्तवाहिन्या आखडल्यामुळे त्याच्या हिरडीतून रक्त कमी येते. हिरडी फिकट, जाड आणि वरून धडधाकट दिसते, पण आत हाड झिजतच असते. रक्त येणे ही हिरडीची हाक असते. धूर ती हाकच दाबून टाकतो.

विडी सिगरेटपेक्षा साधी आणि म्हणून कमी घातक, असाही एक समज आहे. तो खरा नाही. टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट खेळत नाही. विडी विझू नये म्हणून माणूस वरचेवर आणि जोराने झुरके घेतो. त्यामुळे लहानशा विडीतूनही निकोटिन आणि डांबर भरपूर आत जाते.

हे नुकसान किती, याचा अंदाज यावा म्हणून परदेशातला एक आकडा देतो. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या आधारे २००० साली असे प्रसिद्ध झाले की, सिगरेट ओढणाऱ्यांत पायरियाचे प्रमाण कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट होते. त्याच पाहणीत दुसरीही बाजू दिसली. सिगरेट सोडून अकरा वर्षे झालेल्यांचे प्रमाण जवळजवळ कधीच न ओढणाऱ्यांइतके उतरले होते. म्हणजे वाट परतीची आहे, फक्त लांबची आहे.

आपल्याकडचा खरा प्रश्न डबीतला आहे

धुराबद्दल एवढे सांगितले, पण आपल्या राज्याचे चित्र थोडे वेगळे आहे. २०१६-१७ साली झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील १०० पुरुषांपैकी सुमारे ६ जण धूम्रपान करणारे निघाले, पण सुमारे ३२ जण तंबाखू खाणारे किंवा लावणारे होते. बायांमध्ये धूम्रपान करणाऱ्या १०० मध्ये एक-दोनच, पण बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या सुमारे १७. म्हणजे साधारण दर सहा बायांमागे एक.

या आकड्यात एक गोम आहे. दवाखान्यात बाईला विचारतात, “विडी-सिगरेट ओढता का?” ती म्हणते, “नाही बाई.” पुढे विचारतात, “तंबाखू खाता का?” त्यालाही ती नाही म्हणते. आणि ती खोटे बोलत नसते. तिच्या लेखी मिश्री ही तंबाखू नाहीच. ती दात घासण्याची वस्तू आहे, दाढ दुखायची म्हणून सासूने दिलेले औषध आहे. “मी काही खात नाही, नुसती मिसरी लावते,” हे वाक्य आम्ही आमच्याही घरांत ऐकले आहे.

मिश्री म्हणजे काय, हे एकदा स्वच्छ सांगावे लागेल. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईतो भाजायची, चुरायची आणि पूड करायची. कोणी तिला मशेरी म्हणते, कोणी मिसरी. पण भाजल्याने तंबाखूची तंबाखू राहते. निकोटिन त्यात असतेच, आणि हिरडीवर चोळल्याने ते सरळ रक्तात जाते. म्हणून सकाळी मिश्री मिळाली नाही तर डोके धरते, पोट साफ होत नाही, कामात लक्ष लागत नाही. ती सवय नसून व्यसन असल्याची हीच खूण. दाढेचा ठणका कमी होतो तो बधिरपणामुळे. दाढेतली कीड तशीच राहते आणि वाढते.

या गोष्टीची दखल आपल्या राज्यात फार पूर्वीच घेतली गेली होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेड्यांत फिरून १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली. ही पाहणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. तोंडातले पांढरे चट्टे आणि कर्करोग यांचा तंबाखूशी असलेला संबंध तीत नोंदला गेला. पुढे १९९२ साली केंद्र शासनाने दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. २०१२ साली राज्य शासनाने गुटख्यावर बंदी आणली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या पुडीवर कोणते खाते बंदी घालणार? ती घरातल्यांनीच घालायची आहे.

तंबाखूचा बार भरणाऱ्या पुरुषांचे नुकसान जागेवरच दिसते. चिमूट जिथे रोज ठेवली जाते, तिथली हिरडी खाली सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. चुन्याने तिथली कातडी भाजते. मिश्रीत जागा एक नसते. बोट सगळ्या तोंडात फिरते, म्हणून त्रासही सगळीकडे पसरतो. हिरड्या मागे हटतात, मुळे उघडी पडतात, थंड-गरम झोंबू लागते. मग झोंबते म्हणून पुन्हा मिश्री. असे हे रहाटगाडगे चालू राहते.

बाई आणि बाप्या : हिरडीत फरक असतो का?

असतो. पण आपण समजतो तसा नव्हे.

सर्वसाधारणपणे पायरिया पुरुषांना जास्त होतो. अमेरिकेत २००९-१० साली तिशीपुढच्या माणसांची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तीत १०० पुरुषांपैकी सुमारे ५६ जणांना आणि १०० बायांपैकी सुमारे ३८ जणींना पायरिया आढळला. याची कारणे बरीचशी वागण्यातली आहेत. पुरुष तंबाखू जास्त वापरतो, दात कमी घासतो आणि दुखेपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाही. काही भाग शरीराच्या जडणघडणीचाही आहे. जंतूंना तोंड देण्याची बाईच्या आणि पुरुषाच्या शरीराची रीत अगदी सारखी नसते.

म्हणजे निसर्गाने आणि नेटक्या वागण्याने बाईच्या पदरात थोडा फायदा टाकला आहे. पण जिथे रोज तीन-चार वेळा मिश्री लावली जाते, तिथे हा फायदा धरून चालता येत नाही.

शिवाय बाईच्या हिरडीला काही नाजूक काळ असतात. मुलगी वयात येताना, गरोदरपणी आणि पाळी जाताना शरीरातले अंतःस्राव बदलतात. हिरडी या बदलाला फार लवकर जाणते. गरोदरपणी साधारण दुसऱ्या महिन्यापासून हिरड्या फुगू लागतात आणि थोड्याशा थरानेही रक्त येते. निम्म्याहून अधिक गरोदर बायांना हा त्रास कमी-जास्त होतो. बाळंतपणानंतर तो बहुधा ओसरतो, पण आधीचे किटण तसेच असेल तर मुक्काम ठोकतो. पाळी गेल्यावर तोंड कोरडे पडते, हाडे विरळ होऊ लागतात आणि जबड्याचे हाडही त्याला अपवाद नसते.

आपल्याकडे समजूत अशी की, पोटातले बाळ आईच्या दातातले सत्त्व ओढून घेते, म्हणून बाळंतपणात दात जायचेच. हे खरे नाही. बाळाला लागणारा चुना आईच्या आहारातून आणि गरज पडल्यास हाडांतून मिळतो, दातांतून नव्हे. दात जातात ते हिरडीकडे नऊ महिने कोणी पाहिले नाही म्हणून. उलट्यांमुळे घासणे टळते, ‘गरोदर बाईने दातांना हात लावू देऊ नये’ असे शेजारीण सांगते, आणि एवढ्यात दात हलू लागतो. दात साफ करून घेणे गरोदरपणीही चालते. चौथा ते सहावा महिना त्याला सर्वांत सोयीचा. मिश्री मात्र या काळात दुप्पट महाग पडते. तिच्यातले निकोटिन नाळेवाटे बाळापर्यंत पोचते आणि बाळ वजनाने कमी भरते.

आणखी एक गोष्ट पुरुष सभासदांनी मनावर घ्यावी. घरात बैल लंगडला तर त्याच दिवशी डॉक्टर येतो. मालकाची दाढ दुखली तर दुसऱ्या दिवशी नांदेड नाही तर लातूर गाठले जाते. घरधनिणीच्या हिरडीला पू आला तर ‘सुगी उरकू द्या, मग बघू’ असे होते. ती स्वतःही तेच म्हणते. बाईची हिरडी तंबाखूने जेवढी जाते, तेवढीच या ‘मग बघू’नेही जाते.

साखर आणि मधुमेह

साखरेच्या कारखान्याच्या पत्रिकेत हेही लिहिले पाहिजे. ज्यांना मधुमेह आहे, त्यांच्या हिरड्या लवकर बिघडतात. आणि हिरडीत पू असला की रक्तातली साखर आटोक्यात येत नाही. गाडा दोन्ही चाकांनी रुततो. मधुमेह, विडी आणि किटण ही तिन्ही एका माणसात एकत्र आली तर त्याने दुखण्याची वाट पाहू नये.

आणि एक भेद सांगतो. किनवटकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने दातांवर लहानपणापासून तपकिरी पट्टे असतात. तो डाग पायरियाचा नव्हे. तो घासून जात नाही, म्हणून विटकर किंवा वाळूने घासत बसू नये. त्यात दाताचे कवच झिजते, हिरडी सोलते आणि डाग तसाच राहतो.

सोडल्यावर रक्त आले तर घाबरू नये

हा मुद्दा आम्ही मुद्दाम वेगळा काढला आहे. कारण इथेच पुष्कळ जण परत फिरतात. विडी सोडल्यावर काही आठवड्यांत हिरडीतला रक्तपुरवठा पूर्ववत होऊ लागतो. मग आजवर न आलेले रक्त घासताना दिसू लागते. माणूस म्हणतो, “ओढत होतो तोवर काही नव्हते, सोडल्यावर रगत लागले. मला विडीच मानवत होती.” असे नाही. बंद पडलेली घंटा पुन्हा वाजू लागली, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी विडीकडे न जाता दातांच्या डॉक्टरकडे जावे आणि किटण काढून घ्यावे.

किटण काढल्याने दात ढिले होतात, हाही असाच गैरसमज. हाड आधीच झिजलेले असते. किटणाचा दगड दोन दातांना धरून बसलेला असतो, तो निघाला की खरी परिस्थिती कळते. पडक्या भिंतीला लावलेला टेकू काढल्यावर भिंत हलली, तर दोष टेकू काढणाऱ्याचा नसतो.

काय करावे

१. सकाळी आणि रात्री झोपताना दात घासावेत. मऊ ब्रश असावा. लिंबाची किंवा बाभळीची काडी चालेल, पण ती नीट चावून मऊ करून वापरावी. राखुंडी, कोळसा, विटकर आणि मिश्री यांना रजा द्यावी.

२. वर्षातून एकदा दातांची तपासणी करून घ्यावी. विडी-तंबाखूवाल्याने आणि मधुमेह असलेल्याने सहा महिन्यांनी. हंगाम सुरू होण्याआधीचा महिना ठरवून टाकावा, म्हणजे विसर पडणार नाही. नांदेड व लातूर येथे दंत महाविद्यालये आहेत, आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे.

३. डॉक्टरांनी विचारले नाही तरी मिश्रीचे आपणहून सांगावे. किती वेळा लावता, किती वर्षांपासून लावता, तेही सांगावे. लाज बाळगू नये.

४. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंड पुरते न उघडणे यांपैकी काही दिसले तर त्याच आठवड्यात दाखवावे. ही हिरडीच्या पलीकडची गोष्ट असू शकते आणि तिथे उशीर परवडत नाही.

५. गरोदर सुनेच्या किंवा लेकीच्या हिरड्या आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना दाखवाव्यात.

६. व्यसन सोडायला एकट्याचे बळ पुरत नसेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक आहे. तो निःशुल्क आहे.

एक शेवटची विनंती

मिश्री सोडवायची तर ती रागावून सुटत नाही. स्वतः बार भरून बसलेल्या मालकाने ‘तुझी डबी फेकून दे’ म्हटले तर घरात कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. चंची आणि डबी एकाच दिवशी, एकाच उकिरड्यावर गेली पाहिजे. पहिले आठ-दहा दिवस दोघांनाही जड जातील. चिडचिड होईल, झोप लागणार नाही. तेवढे दिवस एकमेकांना सांभाळून घ्यावे, बडीशेप किंवा लवंग जवळ ठेवावी. नंतर ओढ कमी होत जाते.

आणि पाहुण्यापुढे, बैठकीत, लग्नाच्या मांडवात तंबाखूचे ताट फिरवण्याची जी चाल आपण मानाची समजतो, तिचाही एकदा विचार व्हावा. पुढे केलेली चिमूट कोणी नाकारली तर त्याला हसू नये. लहान लेकराला ‘जा, दुकानातून पुडी घेऊन ये’ म्हणून तर मुळीच पाठवू नये. व्यसनाची पहिली पायवाट त्याच निरोपाने पडते.

उसाचे बिल वाढावे म्हणून आपण दर हंगामाला झगडतो, आणि झगडलेच पाहिजे. पण म्हातारपणी त्या पैशाची भाकरी चावून खाता यावी, आणि समोर बसलेल्या कारभारणीलाही ती चावता यावी, एवढे दात दोघांच्याही तोंडात शिल्लक राहावेत. आज रात्री जेवण झाल्यावर आरसा घ्या, आधी स्वतःच्या हिरड्या पाहा, आणि मग घरातल्या बाईला विचारा. तिला आजवर कोणी विचारलेले नसेल.